डावा कान

माझ्यासाठी विणून आणलेली नवी घोंगडी आत्याबाईंनी त्या म्हाताऱ्या घोडीच्या पाठीवर टाकली, तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली.

"आत्याबाई, ती माझी घोंगडी."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय? तू चुलीच्या उबेला बसलीस, ती वाऱ्याला उभी हाय."

आत्याबाई म्हणजे माझी सासू. कामापुरतं बोलायची आणि काम कधी संपायचं नाही. लग्न होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. तेवढ्यात तिनं मला 'जेवलीस का' असं एकदाही विचारलं नव्हतं. तापानं फणफणले होते तेव्हा डोक्याशी भाकरी ठेवून म्हणाली होती, "खा आन् ऊठ, घोड्या लादायच्यात." आणि आता तीच बाई घोडीच्या पाठीवरच्या घोंगडीची सुरकुती हातानं सारखी करत होती.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. दसरा झाला की माणदेशातून निघायचं, मुक्काम करत करत घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी परत वर यायचं. मेंढरं पुरुषांची, घोड्या बायकांच्या. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं जात. आम्ही घोड्यांवर सगळा संसार लादून वाटेनं जात असू. भांडी, पीठ, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि तशीच मुलं, सगळं घोडीच्या पाठीवर. मामंजींना कळपातली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखू यायची. पण घोडीबद्दल काही विचारलं तर ते आत्याबाईंकडं बघायचे.

आमच्याकडं तीन घोड्या होत्या. आत्याबाईंची भुरी, चुलत जावेची काळी आणि माझी हरणी. हरणी मला बापानं लग्नात दिली होती. माहेरी तिला मी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. सासरी आले तेव्हा माझ्या ओळखीचं असं तेवढं एकच तोंड होतं. मी नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला की ती कुठंही असो, मान वर करायची आणि यायची.

म्हातारी चौथी. ती आली लोणंदच्या बाजाराच्या दिवशी. बाजार उरकून पुरुष मेंढरं घेऊन पुढं गेले होते, आत्याबाई आणि मी घोड्या घेऊन मुक्कामाकडं निघालो होतो. वाटेत एका वीटभट्टीच्या कडेला बाभळीखाली एक तांबडी घोडी मोकळी सोडलेली होती. मोकळी म्हणजे जायला कुठं जागा नाही म्हणून उभी. गुडघे सुजलेले, खूर फाटलेले, पाठीवर ओझ्यानं पडलेल्या जखमा, त्यावर माश्या. भट्टीवरचा माणूस म्हणाला, "न्यायची तर न्या बाई. आज ना उद्या पडंलच ती."

आत्याबाईंनी भुरीचा दोर माझ्या हातात दिला. त्या घोडीपाशी गेल्या, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराच्या गाठीतला गूळ काढून तिला चारला आणि तिला घेऊन चालू लागल्या. ती लंगडत होती, म्हणून आम्हीही तिच्या चालीनं चाललो. मुक्कामाला पोचेस्तोवर सगळे जेवायला खोळंबले होते.

मामंजी म्हणाले, "हे काय आणलंस?"

"वळखा."

"काय वळखू? हाडं हायती नुसती."

"माझी मैना हाय ती."

मामंजी उभे होते ते खाली उकिडवे बसले. बसल्या जागेवरून घोडीकडं बघत राहिले.

मैनेची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढायचं नाही. आत्याबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, तेव्हा मामंजींनी त्यांची माहेरची घोडी मैना विकून टाकली. बाळ घेऊन परत आल्या तर खुंटा रिकामा. त्या साली घाट त्यांनी ओली बाळंतीण असून, बाळ पाठीशी बांधून पायी उतरला. कुणाला विकली हे त्यांनी विचारलं नाही, मामंजींनीही सांगितलं नाही. ते बाळ म्हणजे माझा नवरा. अक्षरं मी फार उशिरा शिकले. तोंडानं ज्याचं नाव कधी घेतलं नाही ते आता कागदावर घेते. सिदू.

मैना आली तशी आत्याबाईंची सगळी माया बाहेर पडली. इतकी माया होती कुठं, मला कळेना. म्हातारीला दात नव्हते म्हणायला हरकत नाही. गवत चावायची आणि चोथा खाली टाकायची. मग आत्याबाई हरभऱ्याचा भरडा भिजत घालायच्या, कोंडा कालवायच्या, हातानं मळून त्याचा लगदा करायच्या. कोवळं गवत बोटभर बोटभर कापायच्या. जखमा कडुनिंबाच्या पाण्यानं धुऊन हळद-तेल लावायच्या. बाकीच्या घोड्या तिला घमेल्यापाशी टिकू देईनात, म्हणून तिला वेगळं चारायचं. पण फार लांब नेलं की ती खिंकाळायची. म्हणून बाकीच्या दिसतील इतक्या अंतरावर न्यायची आणि ती खाईस्तोवर शेजारी उभं राहायचं.

"सासूबाई घोडीला पेज करून घालतात," मी एकदा जावेला ऐकू जाईल असं म्हणाले. "आपण आजारी पडलो तर आपल्याला भट्टीवर सोडतील."

आत्याबाईंना ते ऐकू गेलं. घमेल्यातून हात न काढता त्या म्हणाल्या, "तुला दात हायत. अन् जीभबी हाय."

आत्याबाईंचं मी सोसलं असतं. पण हरणीचं मला सोसेना.

पहिल्या दिवशी हरणीनं कान मागं पाडून म्हातारीला दात दाखवले, लाथ झाडली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही हाकललं. मग काय झालं कोण जाणे. एका दुपारी बघते तर दोघी उलट्या तोंडांनी शेजारी उभ्या, एकमेकींची मान खाजवतायत. म्हातारीच्या डोळ्यांवरच्या माश्या हरणीच्या शेपटीनं उडत होत्या. त्यानंतर म्हातारी बसली की हरणी तिच्यापाशी उभी राहायची, म्हातारी निघाली की ही मागं. भुरी जवळ आली तर हरणी मध्ये जायची. मी टाळ्याला जीभ लावून आवाज केला तर मान वर करायची, माझ्याकडं बघायची आणि परत मान खाली घालायची.

मी दोर घेऊन तिला ओढून आणली. ती आली, पण मान मागं वळवून.

सिदू बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "तुला चांगली सवत मिळाली. सासू घेतली, घोडी घेतली, घोंगडी घेतली. नवरा तेवढा ऱ्हायला."

"न्हेऊ दे तोबी."

"मला नको गं सांगू. मी मेंढरांचा माणूस."

आणि हसत उठून मेंढरांकडं गेला. त्याचं बोलणं नेहमी असंच संपायचं.

घाट जवळ आला तसा एक दिवस नामू हेडी मुक्कामावर आला. हा घोड्यांचा व्यापारी, आमच्या वाटेवरच्या सगळ्या तळांवर फिरायचा. मामंजी कोकरं मांडीवर घेऊन त्यांच्या कानांना आमची खूण करत बसले होते. डाव्या कानाच्या टोकाला एक काप, हीच आमच्या घराची खूण. हेडी त्यांच्यापुढं बसला, तंबाखू मळली, मेंढरांचं विचारलं, पावसाचं बोलला, आणि मग हरणीभोवती एक चक्कर मारून आला.

"धुळाबा, जनावर चांगलं हाय. मागल्या खेपेला म्हणालो त्यावर विचार केला का?"

मामंजी कोकराचा कान दोन बोटांत धरून बसले होते. "बघू," ते म्हणाले.

"बघू काय? चार घोड्या झाल्या. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, घोड्या कुणाला हव्यात? त्यातली एक तर नुसती खायाला."

"परवा वाटंला लागायचंय. त्याआधी ये. सांगतो."

मी पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी होते. मला उलगडा झाला. म्हातारी ओझं उचलत नाही, ती खाते. मामंजी तिला काढणार नाहीत, कारण ती मैना. भुरी आत्याबाईंची, काळीवर जावेची लेकरं बसतात. मग उरलं कोण? म्हातारीला जागा करायला माझी हरणी जाणार. आणि आत्याबाई पलीकडं गवत कापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही.

मी सिदूला विचारलं. "आबांना सांगा की. माझ्या बापानं दिलीय ती."

"आबा ऐकत असते तर मैना गेली असती का?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर धुणं धूत होते. शेजारच्या रानात दुसरा तळ पडला होता, त्यातली एक म्हातारी कपडे घेऊन आली. तोंडाचं बोळकं, पण बोलायची हौस मोठी. कुणाची कोण विचारता विचारता निघालं की ती आत्याबाईंच्या माहेरच्या भावकीतली. गिरजाकाकू.

"लिंबीची सून व्हय तू? कशी हाय लिंबी? लई हसरी होती लग्नाआधी."

मला वाटलं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. मी म्हणाले, "बऱ्या हायत. त्यांची मैना घावली परत, म्हणून खुशीत हायत."

"मैना? ती तांबडी? अजून हाय?" गिरजाकाकूनं कपडा आपटायचा थांबवला. "आगं, शिंगरू व्हती तवा लांडग्यानं तिचा डावा कान फाडलेला. अर्धा कान गेला. लिंबीनं सारा दिवस तिला मांडीवर घेऊन रगत थांबवलं. वाचली म्हणून तर बापानं ती तिलाच दिली."

धुणं तसंच पिळून मी तळावर आले. म्हातारी उन्हात डुलक्या घेत उभी होती, हरणी तिच्या कुशीला लागून. मी म्हातारीचा डावा कान हातात घेतला. मग उजवा. दोन्ही अख्खे. टोकापर्यंत, कुठं चीर नाही, आत मऊ केस.

मला मोठा आनंद झाला. ही मैना नव्हतीच. भट्टीवरचं कुणाचं तरी टाकलेलं जनावर. मामंजींना हे कळलं की तिचं इथलं दाणापाणी संपलं, आणि हरणी माझी राहिली.

आत्याबाई घमेल्यात भरडा मळत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, मैनेचा डावा कान फाटका होता म्हणं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "व्हता."

"हिचा तर धड हाय."

"धड हाय."

"मग ही मैना न्हाई."

"न्हाई."

मी वाट बघत होते की त्या चिडतील, नाही म्हणतील, मला शपथ घालतील. त्यांनी घमेल्यातला एक खडा शोधून बाजूला टाकला.

"मामंजींना सांगणार मी," मी म्हणाले.

"सांग की. तुझं तोंड मी कशाला धरू?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "फकस्त आज नको. उद्या त्यो हेडी येऊन गेल्यावर सांग."

हेडी गेल्यावर सांगून काय उपयोग? तोवर हरणी त्याच्या दोरीला लागलेली असेल. मला वाटलं, ही बाई मला लहान लेकरू समजते. मी मनाशी ठरवून टाकलं की त्याच्या तोंडावर सांगायचं.

सकाळी हेडी आला तो दोर घेऊनच आला. मामंजी घोंगडं पसरून बसले होते. हेडी बसलाही नाही. सरळ हरणीकडं गेला आणि तिच्या गळ्यात दोर टाकला. नुसता टाकून बघितला, पण हरणी बिचकली.

"मामंजी," मी पुढं झाले. पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही. "मला एक सांगायचंय. त्या म्हातारीचं."

"थांब," मामंजी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत नव्हते. आत्याबाई म्हातारीला घेऊन येत होत्या. रोज त्या तिला बांधाच्या कडेनं न्यायच्या. त्या दिवशी तळाच्या मधून, मामंजींच्या आणि हेडीच्या मधल्या जागेतून आणली आणि तिथंच उभी केली. घमेलं तिच्या तोंडापुढं ठेवलं. तिच्या पाठीवर घोंगडी नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नव्हती. उन्हात तिची सगळी पाठ दिसत होती. मणके, भरत आलेल्या जखमांच्या तांबूस खपल्या, ओझ्याच्या दोरीनं कायमचे गेलेले केस. ती हळूहळू खात होती, अर्धं तोंडातून सांडत होतं. आत्याबाई तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मामंजींकडं बघत होत्या. नुसत्या बघत होत्या.

हेडी हसला. "ही कुठली काढली धुळाबा? माझ्यासारख्यानंच विकली आसंल कधी तरी."

मामंजींनी मान खाली घातली. समोरची काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "दोर काढ तिचा."

"आं?"

"हरणीचा दोर काढ. बायकांच्या घोड्या इकत न्हाई आम्ही."

"कवापास्नं?"

"तंबाखू खा आन् जा, नामू."

हेडीनं दोर काढला. जाताना तो बराच वेळ काहीबाही बोलत होता. हरणी सुटली तशी माझ्याकडं आली नाही. म्हातारीपाशी गेली आणि तिच्या मानेवर मान टाकून उभी राहिली.

मामंजी माझ्याकडं वळले. "हां. काय सांगत व्हतीस?"

आत्याबाई खाली वाकून सांडलेला भरडा गोळा करत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"तिचं खूर फाटल्यात," मी म्हणाले. "घाटात दगडांवरनं न्हेऊ नगा."

"घोड्यांचं मला काय सांगतीस? सासूला सांग."

ते मेंढरांकडं गेले. मी आत्याबाईंच्या शेजारी बसले आणि भरडा वेचू लागले. मला विचारायचं होतं.

त्याच म्हणाल्या, "लोणंदच्या बाजारात तू मीठ आणाया गेलीस तवा त्या हेडीनं हरणीचं तोंड उघडून दात बघितलं. तुझं मामंजी बाजूला उभं व्हतं. न्हाई म्हणालं न्हाईत." घमेलं उचलून त्या उभ्या राहिल्या. "मग वाटंत ही दिसली. मैनेच्याच रंगाची. पुरुषाला काय कळतंय घोड्यांतलं?"

घोंगडी त्यांनी परत म्हातारीच्या पाठीवर टाकली. मला घोंगडीचं काही वाटलं नाही असं नाही. वाटलंच. हरणीचं तर रोज वाटायचं. माझी घोडी वाचली होती आणि मला सोडून ती दुसरीपाशी उभी राहायची, हे काही गोड लागत नव्हतं. घाट उतरताना म्हातारीपाठोपाठ हरणी, हरणीपाठोपाठ मी, अशी मी कोकणात उतरले.

म्हातारी शिमग्याच्या आधी गेली. सकाळी बघितलं तर आंब्याखाली बसली होती ती उठलीच नाही. हरणी तिच्यावर नाक घासत होती. मी जीभ टाळ्याला लावून आवाज केला, तिनं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी तिला ओढली नाही.

मामंजींनी आणि सिदूनं तांबड्या मातीत खड्डा खणला. दोघं घामानं निथळले होते. म्हातारीला खाली सरकवायच्या आधी मामंजींनी तिच्या अंगावरची घोंगडी काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"धर. तुझी हाय ती."

त्यांना ते माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

मग ते तिच्या डोक्याशी उकिडवे बसले. तिचा डावा कान त्यांनी दोन बोटांत धरला आणि कोकराची खूण चाचपतात तसा मुळापासून टोकापर्यंत चाचपला.

"धड हाय कान," ते हळूच म्हणाले. "पयल्या दिवशीबी धडच व्हता."

आत्याबाई भुरीचा दोर धरून पलीकडं उभ्या होत्या. त्यांचा हात दोरावर घट्ट झालेला मला दिसला. मामंजींनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "माती लोटा आता."

मामंजी उठले आणि हातांनीच माती लोटू लागले. आत्याबाईंनी दोर सोडला, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्याही लोटू लागल्या.

सिदू फावडं घेऊन माझ्यापाशी आला. "कुणाचा गं कान?" त्यानं विचारलं. "काय झालं कानाला?"

मी घोंगडीची घडी घातली. घोंगडीला घोडीचा वास येत होता. खड्ड्याच्या काठावर ती दोन म्हातारी माणसं शेजारी शेजारी बसून माती लोटत होती, आणि मी आत्याबाईंकडं बघत होते. त्या घोडीचा मी सारा हिवाळा हेवा केला होता. पण त्या सकाळी आत्याबाईंचा जेवढा वाटला, तेवढा कधीच कुणाचा वाटला नव्हता.